अप्पांच्या हातावरचा नंबर

मी कुंचला बोलतोय. सुई नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या खोलीत येणारं माणूस आल्या आल्या सुईचीच चौकशी करतं. दुखेल का, किती आत जाते, रक्त येतं का. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वास्तविक कातडीवर पहिली रेघ माझी असते. मी आखून द्यायचं, तिने गिरवायचं आणि नाव तिचं व्हायचं. चालायचंच.

माझी दांडी बांबूची. केस शेपटीचे, पण खारीच्या नव्हेत. मुंगसाच्या अंगलटीचा एक पिवळसर चपळ प्राणी आमच्या कोरियाच्या डोंगरात असतो. थंडीत त्याची शेपटी दाट होते, तेव्हाचे हे केस. ग्वांगजूच्या एका कारागिराने मला बांधलं आणि चिलबोक अप्पांनी विकत घेतलं. अर्थात तेव्हा ते कुणाचे अप्पा नव्हते. मोक्पोच्या बंदराजवळच्या थिएटरात सिनेमाचे फलक हाताने रंगवायचे, दुमजली घराएवढे. मोठ्या तोंडांना मोठे ब्रश असत. मला बाहेर काढायचे ते पापण्यांसाठी आणि बारीक अक्षरांसाठी. काम झालं की केस चिमटीत धरून टोक काढायचे आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचे. अप्पांच्या छातीचे ठोके ऐकतच मी म्हातारा झालो म्हणा ना.

अप्पांची बायको ओकसुनबाई. बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर तिची एक खोली होती. खाली पाटी होती, ‘पडदे शिवून मिळतील’. पाटी अप्पांनीच रंगवली, माझ्याच केसांनी. त्या खोलीत पडदा कधी शिवला गेला नाही. ओकसुनबाई बायकांच्या भुवया गोंदायची.

आमच्याकडे कायदा असा की माणसाच्या कातडीत शाई भरायची तर डॉक्टरच पाहिजे. आणि डॉक्टर लोक काही भुवया कोरायला बसत नाहीत. त्यामुळे मासळीबाजारातल्या, चर्चमधल्या, पार पोलीस साहेबांच्या बायकोच्यासुद्धा भुवया बेकायदा होत्या, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. काही वर्षांनी शाई निळसर पडायची. बसमध्ये निळ्या भुवयांची बाई भेटली की ओकसुनबाई खिडकीबाहेर बघायची आणि बाईही खिडकीबाहेर बघायची. ओळख द्यायची नाही, हा रिवाज होता. एकदा एक नवी सून खरंच पडदे घेऊन वर आली. बिचाऱ्या ओकसुनबाईने दोन रात्री जागून ते शिवून दिले.

त्यांची मुलगी दानबी. तिला चित्रकला कुणी शिकवली असं कुणी विचारलं, तर कॉलेजचं नाव सांगू नका. थिएटरासमोर मान वर करून ती तासन्‌तास उभी राहायची, बापाने रंगवलेला डोळा बघत. घरी आली की आईजवळ बसून एकेक केस जोडत भुवई कशी उभी राहते ते बघायची. आणि रविवारी सार्वजनिक स्नानघरात जायची. तिथे वाफेत उघड्या बसलेल्या बायका एकमेकींची पाठ घासत असत. कुणाच्या पोटावर बाळंतपणाचा वण, कुणाच्या पाठीवर भाजल्याचा डाग. इतर पोरी पाण्यात खेळायच्या, ही बघत बसायची. आई चिमटा काढायची, तरी बघायची.

मोठी झाली, सोलला गेली, रंगकाम शिकली आणि सोबत टॅटूही शिकून आली. घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी जेवणाचं ताट सरकवलं.

“आईबापांनी दिलेलं अंग आहे. त्यावर ओरखडासुद्धा काढायचा नसतो,” अप्पा म्हणाले.

“मग मी तीस वर्षं काय करतेय?” ओकसुनबाईने भात वाढता वाढता विचारलं.

“भुवयांचं वेगळं. भुवया देवाने दिलेल्याच असतात. तू फक्त त्याला आठवण करून देतेस.”

यावर मायलेकी हसल्या. अप्पा हसले नाहीत. त्या दिवसापासून कुणी विचारलं की ते सांगायचे, “मुलगी पोरांना चित्रकला शिकवते.” दानबीने कधी ते खोडून काढलं नाही. पण मला माहीत आहे तिला काय हवं होतं. फार काही नको होतं. बापाने एकदा, कुणाहीसमोर, माझी मुलगी चित्रकार आहे एवढं म्हणावं. बस.

पुढे छापील फलक आले, थिएटरवाल्यांनी अप्पांना घरी बसवलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथून मला ओकसुनबाईने चोरलं. एका दुपारी गुपचूप रुमालात गुंडाळून दानबीला दिलं. “यांना सांगू नकोस,” म्हणाली. दोन वर्षांनी ओकसुनबाई गेली. छाती दुखतेय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत संपलं. दानबीने ती खोली घेतली, पाटी तीच ठेवली आणि आईचा मोबाइलसुद्धा बंद केला नाही. अजून म्हाताऱ्या फोन करायच्या ना, भुवया फिक्या पडल्या म्हणून. दानबी तो चार्ज करून ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि वाजला की उचलायची.

तिचं काम मी जवळून पाहिलंय, इतकं जवळून दुसऱ्या कुणीही नाही. सुक्या माशांच्या दुकानातली बोंगन्यो मावशी आली होती. पोटाच्या ऑपरेशनचा वण लपवत नऊ वर्षं स्नानघरात गेली नव्हती. दानबी तो वण अर्धा तास नुसता बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, हा देठ आहे. फूल बाकी आहे.” मी त्या देठावर पिओनीचं भरगच्च पाकळ्यांचं फूल आखलं, तीन बैठकांत ते भरलं. पुढच्याच आठवड्यात मावशी स्नानघरात गेली आणि तिथल्या बायकांनी तिला मधोमध बसवून पाठ घासायला भांडण केलं म्हणे. दानबीची प्रदर्शनं अशीच, वाफेत भरायची. भिंतीवर तिची चित्रंही होती, कागदावरचे वाघ, शेजारपाजाऱ्यांच्या तोंडवळ्याचे. पण वर येणारी माणसं मोजकी आणि तीही तोंड बंद ठेवणारी.

मग अप्पांना विसर पडू लागला. आधी गॅस, मग चपला, मग घराचा रस्ता. दानबीने नाव-पत्त्याचं कडं आणून हातात घातलं. ते अप्पा काढून टाकायचे. एक कडं शेजारच्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवलेलं सापडलं.

“अप्पा, कुत्रं हरवणार नाही. तुम्ही हरवाल,” दानबी म्हणाली.

“ते बिचारं एकटंच फिरतं. कुणीतरी घरी आणून सोडायला नको?”

पण एक दिवस अप्पा स्वतःच जिना चढून वर आले. त्या खोलीत लेकीने काम सुरू केल्यापासून पहिल्यांदाच. मी पाण्याच्या वाटीत होतो, चटकन सरळ झालो. अप्पांनी भिंतीवरचे वाघ एकेक करून पाहिले. दानबीने श्वास रोखून धरला होता.

“याचा डावा डोळा जरा मोठा झालाय,” अप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले. दानबीने श्वास सोडला. एवढंच.

मग त्यांनी बाही वर केली. “पुसलं जाणार नाही असं लिहितेस ना तू? लिही. रस्ता चुकलो तर कुणाला फोन करायचा ते लिही.”

“अप्पा, तुम्हाला चालेल? अंगावर?”

“माझे आईबाप आता मला ओळखायला येणार नाहीत. पोलिसांना ओळखू येऊ दे.”

दानबीने शाई घोटली, मला उचललं. अप्पांनी तिचा हात धरला. “थांब. आकडे मी काढतो. तुझे आकडे लंगडे येतात.” आणि त्यांनी मला पाहिलं. चोरीला गेलेला मी. केस चिमटीत धरून टोक काढलं, पूर्वीसारखंच. त्यांनी स्वतःच्या डाव्या हातावर आकडे काढले, आणि स्वतःच्या बाजूने उलटे काढले, समोरच्याला सुलट वाचता यावेत म्हणून. “पाटी समोरच्यासाठी असते,” म्हणाले. एकही आकडा थरथरला नाही. जन्मभर पाट्या लिहिलेला हात होता तो. घराची वाट विसरला होता, पण वळण विसरला नव्हता.

दानबी वाचत गेली आणि शेवटच्या चार आकड्यांवर थांबली. नंबर तिचा नव्हता. ओकसुनबाईचा होता.

“अप्पा, हा नंबर…”

“तुझ्या आईचा. बाजारात असली तरी फोन उचलते ती.”

बाई जाऊन चार वर्षं झाली होती. दानबीने एकदा ड्रॉवरकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओला कापूस घेणार. तिने सुई घेतली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “उचलते.”

तासभर काम चाललं. झाल्यावर हात उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं, बाही खाली केली आणि जाताना सवयीने मला आतल्या खिशात टाकलं. दानबीने ते पाहिलं आणि मला मागून घेतलं नाही. जिन्याखाली बोंगन्यो मावशी भेटली. “लेकीकडे आला होतात?” तिने विचारलं. “हो,” अप्पा म्हणाले, “पोरांना शिकवते ती.” मी खिशातल्या खिशात कपाळावर हात मारला असता, पण मला कपाळही नाही आणि हातही नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी दानबी बाजारात गेलेली असताना अप्पा जॅकेट चढवून निघाले. कामावर. थिएटरच्या जागी आता गाड्यांचा तळ आहे. अप्पा मधोमध उभे राहून हवेत मोजमाप करत होते, इथे नायिकेचं कपाळ, इथे हनुवटी. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तळावरच्या माणसाने त्यांना हाताला धरून पोलीस चौकीत आणून बसवलं.

चौकीत एक तरुण हवालदार होता आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी वयस्क जमादारबाई मक्याचा चहा पीत होत्या. हवालदाराने नाव विचारलं, ते अप्पांनी सांगितलं. पत्ता विचारला, तेव्हा थिएटरचा सांगितला. मग त्याने खुणेसाठी बाही वर केली आणि आकडे पाहून शिट्टीच घातली.

“आजोबा, छापल्यासारखं अक्षर आहे. कुणी केलं हे?”

मी खिशात गार पडलो. या एका उत्तरावर खोली जाणार, काम जाणार, दानबी कोर्टात उभी राहणार. सांगा ना, अप्पा, पोरांना शिकवते म्हणून सांगा. इतकी वर्षं सांगताय, आज एकदा कामाला येऊ दे.

अप्पा ताठ बसले. “माझ्या मुलीने. आकडे माझे, पण भरलेत तिने. चित्रकार आहे ती.”

जे ऐकायला दानबीचे कान तरसले होते, ते अप्पांनी सांगितलं कुठे, तर पोलीस चौकीत.

“टॅटू काढते? कुठे बसते?” हवालदाराने वही ओढली.

“पडद्यांच्या दुकानात,” अप्पा खुशीत म्हणाले. मग त्यांचं लक्ष जमादारबाईंकडे गेलं. ते उठले, जवळ गेले, वाकून बघू लागले. “या ओकसुनच्या हातच्या. डावी जरा वर ठेवायची ती. म्हणजे माणूस सारखं रागावलेलं दिसत नाही.”

जमादारबाईंचा हात आपोआप भुवईवर गेला. निळसर भुवई होती. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“खूण काय लिहू, मॅडम?” हवालदाराने विचारलं.

“डाव्या हातावर फोन नंबर. संपलं.”

“पण कुणी काढला ते…”

“त्याचा रकाना आहे का वहीत? नाही ना? मग नंबर आहे तो लाव. म्हातारा माणूस उपाशी असेल.”

फोन लागला. पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज मी ओळखला.

दानबी दहा मिनिटांत धावत आली. अंगावर कामाचा एप्रन, बोटं शाईने काळी. दारातच थांबली. अप्पांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. आजवर रस्ता चुकले, दिवस चुकले, पण लेकीला चुकले नव्हते. त्यांनी तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, मग बाजूची खुर्ची पुढे केली.

“बसा, बाई. तुम्हाला हातावर काही काढून घ्यायचंय का?” हवालदाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला आणि हात पुढे केला. “हा नंबर लावा. बायको उचलेल. फोन मुलीला द्या म्हणावं.”

दानबी खुर्चीत बसली. हवालदाराने तोंड उघडलं, ते जमादारबाईंनी डोळ्यांनीच बंद केलं.

“हात कसा आहे तिचा?” दानबीने विचारलं.

अप्पांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला. “माझ्यापेक्षा चांगला. पण तिला बोलू नका हं. मी अजून सांगितलेलं नाही.”

“नाही बोलणार,” दानबी म्हणाली. मग तिने अप्पांच्या जॅकेटची बटणं लावली, आणि अनोळखी बाईने बटणं लावलेली अप्पांना चालली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अप्पा आता खोलीत खिडकीपाशी पडून असतात, वाघांखाली. कधी लेक ओळखू येते, बरेचदा येत नाही. न ओळखू आलेल्या दिवशी ते तिला तिच्या मुलीची तारीफ सांगतात आणि ती काम करता करता ऐकते. मला विचाराल तर ते दिवस तिला कमी आवडतात असं नाही. पण राग येतो मला. पोरीला बापाच्या तोंडची शाबासकी परकी बाई होऊन ऐकावी लागली. तुमच्या मनात कुणाबद्दल असं काही अडकलं असेल तर बोलून टाका, माणूस ओळखू येतंय तोवर.

माझे केस आता अर्धेच राहिलेत. टोक नीट येत नाही, नवा कुंचला आलाय. तो जरा शिष्ट आहे, शिकेल. मी वाटीशेजारी पडून असतो. दानबी मला फेकत नाही. तिने विचारलं असतं तर म्हणालो असतो, ठेव अजून थोडे दिवस.

ड्रॉवर वाजतोय. कुणाच्या तरी भुवया फिक्या झाल्या असणार. अप्पांनी उशीवरून मान उचललीय.

“उचलला का तिने?” ते विचारतात.

“उचलला,” दानबी म्हणते, आणि उचलते.