पेपरबाबांचा तळहात

महाविद्यालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, पायऱ्याही भरल्या आणि गणिताचे विभागप्रमुख चक्क खिडकीत चढून बसले. प्रत्येकानं आपापल्या संशोधनाचं बाड छातीशी धरलं होतं. मंचावर पेपरबाबा डोळे मिटून उभे होते.

बाबा म्हणजे दाढीजटा वगैरे काही नाही. कडक इस्त्रीचा कोट आणि मंद हसू. समोर आलेल्या पेपरावर ते तळहात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "हा अजून श्वास घेत नाहीये. याला स्वीकृतीची ओढच नाही. राहू दे माझ्यापाशी." महिना उलटायच्या आत नामांकित मासिकाचं 'स्वीकारला' असं उत्तर हजर! एरवी त्या उत्तराची वाट बघता बघता माणसांचे केस पिकायचे. आणि बाबा पैसा म्हणून घेत नसत. लेखकांत दुसरं नाव तेवढं त्यांचं घालायचं. पिकांवरच्या किडीपासून पुलाच्या खांबांपर्यंत कुठल्याही विषयात त्यांचं नाव सापडायचं, आणि लोक म्हणायचे, केवढा व्यासंग! एक माणूस हे सगळं वाचतो कधी, हा प्रश्न सभागृहातल्या एकाही डॉक्टरेटवाल्याला पडला नव्हता.

पहिल्या रांगेत औषधशास्त्राच्या धाकट्या मॅडम बसल्या होत्या. आज सत्कार त्यांचाच, पण त्यांचा पाय एकसारखा हलत होता आणि मुठीत मोबाइल घामेजला होता. लहान मुलांचं पाणी घालून कालवायचं अँटिबायोटिक किती दिवस टिकतं, हा त्यांचा विषय. प्रयोग त्यांनी जीव ओतून केले, लिहिताना मात्र घाई झाली. पेपर छापून आला नाही तर नोकरी कायम होणार नाही, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मग बाबांनी हात ठेवला आणि पेपर स्वीकारला गेला. आनंदानं मिरवायचं सोडून बाईंचा जीव थाऱ्यावर का नव्हता?

कारण आदल्या संध्याकाळी घडलं होतं. पेपर छापण्याआधी मासिक तो विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेतं. स्वीकृतीच्या पत्रात दिलेल्या मॅडमच्या परीक्षकांत एक नाव होतं त्यांच्याच जुन्या सरांचं. नावासोबत ईमेलचा पत्ता आणि अभिप्राय होता, 'उत्कृष्ट, निर्दोष, एक अक्षरही बदलू नये.' मॅडम धावत आभार मानायला गेल्या.

सर दारातच उखडले. "मी? उत्कृष्ट म्हणालो? अगं, मी आजवर बायकोच्या स्वयंपाकालाही उत्कृष्ट म्हटलेलं नाही!"

"खरंय हो ते," आतून आवाज आला.

"दाखव बघू तो पेपर."

सरांनी चष्मा लावला. दुसऱ्याच पानावर बोट थांबलं. "हे काय? फ्रिजमधलं औषध लवकर बिघडतं आणि ओट्यावरचं टिकतं? जगात असं कुठं असतं का?"

मॅडमनी पान जवळ ओढलं. तक्त्यातले दोन रकाने त्यांच्याच हातून उलटे पडले होते. "सर, हे वाचून एखाद्या डॉक्टरनं सांगितलं, की राहू दे बाटली बाहेरच..."

"तर बिघडलेलं औषध तापानं फणफणलेल्या पोराच्या पोटात जाईल. चूक तुझी आहे. पण चुका सगळ्यांच्याच होतात, म्हणून तर दुसऱ्याला तपासायला देतात. इथं तपासलंय कुणी? आणि हा ईमेलचा पत्ता माझा नाही."

"परीक्षक कोण हवेत ते हे मासिक लेखकालाच विचारतं, सर. नावं, पत्ते सगळं बाबांनी भरलं."

"अस्सं! मग उद्या मीपण येतो सत्काराला."

आणि आता सर शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

"मी केवळ निमित्त!" बाबांचा स्वर टिपेला पोचला. "मी हात ठेवला, बाकी ज्ञानलहरींनी केलं. कौतुकाचा शब्द ज्यांना ठाऊक नाही, अशा थोर गुरूंच्या लेखणीतूनही 'निर्दोष' उमटलं! या, मॅडम, या."

मॅडम मंचावर गेल्या. गप्प बसलं तर नोकरी पक्की होती. बोललं तर घरी जाऊन काय सांगायचं, तेही त्यांना सुचत नव्हतं.

"बाबा, त्या गुरूंना तुम्ही ओळखता?"

"आत्म्यानं."

"मग मी त्यांना इथूनच दोन ओळी लिहिते." त्यांनी मोबाइलवर मजकूर लिहिला आणि अभिप्रायासोबतच्या त्याच पत्त्यावर पाठवला.

बाबांचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला होता. त्यावर बाबांचे छापून आलेले पेपर एकामागून एक सरकत होते. टिंग! पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. 'नवीन मेल : सर, पेपरातला तक्ता उलटा आहे. तुम्हाला दिसला नाही का?'

खिडकीतले गणिताचे प्रमुख पडता पडता वाचले.

"तांत्रिक बिघाड!" बाबा वायर ओढू लागले. "लहरींचा..."

"लहरी राहू द्या," मागून सर उठले. "ते थोर गुरू म्हणजे मी. माझी मेल तुमच्याकडे कशी आली?"

हशा पिकला, मग हळूहळू विरला. मॅडमनी सरळ शब्दांत सांगितलं, "नाव मोठ्या शास्त्रज्ञाचं, ईमेलचं खातं बाबांनी उघडलेलं. मासिक तपासायला पाठवायचं त्यांना, पेपर पोचायचा यांना. यांनी स्वतःच शाबासकी लिहायची, संपादकांनी मोठं नाव बघून मान डोलवायची. पाठवणारे हेच आणि तपासणारेही हेच. चमत्कार एवढाच."

"पण मॅडम, पेपर छापून तर येत होते ना?" कुणीतरी कुरकुरलं.

"येत होते. माझाही आला असता, चुकीच्या तक्त्यासकट. मी तो मागे घेतेय."

प्राचार्यांचा चेहरा आंबट झाला. "हे आत येऊन बोलता आलं असतं. तुमच्या नोकरीचं मग मला सांगता येणार नाही."

"ठाऊक आहे, सर. मला भीतीही वाटतेय. पण उद्या एखादी आई ती बाटली ओट्यावर ठेवेल, तिला तुमची-माझी अडचण कळणार नाही." मॅडम सभागृहाकडे वळल्या. "कुणी हात ठेवून ताप उतरवतो म्हणालं तर आपण हसतो. इथं पेपरावर हात ठेवला, तर आपणच रांग लावली! आपण शिकलेली माणसं आहोत. कुणी तपासलं आणि कसं तपासलं, एवढं तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका."

टाळी वाजलीच नाही. गणिताचे प्रमुख खिडकीतून उतरले आणि गर्दीतून वाट काढत, आपलं बाड घेऊन सरांसमोर उभे राहिले.

"जरा बघता का? खरंच वाचून?"

"विषय माझा नाही, जाणकार शोधून देतो. पण तोही उत्कृष्ट वगैरे म्हणणार नाही."

"नकोच," ते म्हणाले. "चुका दाखवल्या तरी पुष्कळ."