काकूंच्या वतीने

इकडे परदेशात, माउंट रॉस्किलच्या आमच्या क्लिनिकात २००९ साली नवीन काम सुरू झालं आणि पहिला मान कुणाला? मला, नर्स विनयाला! शेवटच्या आजारात काय हवं, काय नको, हे माणूस नीट बोलतोय तोवरच त्याला विचारून ठेवायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सरलाशी मराठीत तूच बोल." मी तर हवेतच!

सरलाकाकूंचं हृदय पार थकलेलं. पुढच्या खेपेला हॉस्पिटलात नेलं तर श्वासाचं मशीन लावायचं का, हे आता ठरायला हवं होतं. मुलगा मकरंद त्यांच्या शेजारी बसला. सून संपदा नेहमीसारखी बाहेर, वेटिंग रूममध्ये.

आणि मी काय करावं? एवढं ट्रेनिंग घेऊन मकरंदलाच विचारलं, "आईंना काय हवंय?" आपल्याकडची खोड, दुसरं काय!

"सगळं करायचं," तो फटकन म्हणाला. "आणि विनयाताई, असलं अभद्र बोलायचंच कशाला?"

मी जीभ चावली आणि सरळ काकूंकडे वळले. "काकू, तुम्ही सांगा."

"अगं बाई, मला विचारतेस?" काय चमकले त्यांचे डोळे! "ह्याच्या बाबांच्या वेळी पुण्यात मला कुणी विचारलं नाही गं. नळी ओढू नये म्हणून हात बांधले होते त्यांचे. मला मशीन नको. घरी, माझ्या खोलीत राहू दे."

बोलल्या की काकू! आनंदाने मला ओरडावंसं वाटत होतं. कसंबसं पुढचं विचारलं, "आणि तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कुणी बोलायचं?"

"मीच की," मकरंद म्हणाला.

"नाही रे राजा. संपदाने."

"आई! मी मुलगा आहे तुझा."

"म्हणूनच. तू रडशील आणि सगळं करा म्हणशील. तीही रडेल, पण माझं ऐकेल."

मकरंदचा चेहरा लालबुंद झाला. झालं, आता हा आईला घेऊन चालता होणार! तो उठलाच. दार उघडून बाहेर बघत म्हणाला, "संपदा, आत ये. आईला तुझ्याशी बोलायचंय."

तिला त्याने स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण भिंतीला टेकून उभा राहिला.