घ्यावं की नाही

चंद्रहासने ई-सिगारेटच्या नळीच्या बुडाशी असलेलं बारीक चाक अंगठ्याने पुढे सरकवलं, बटण दाबून धरलं आणि झुरका घेतला. या वेळी वाफ दाट आली आणि घशाला टोचली. तो खोकला. काउंटरपलीकडच्या मियाके-सानांनी नळी त्याच्याकडून घेतली, चाक मागे फिरवलं आणि ती पुन्हा त्याच्या हातात ठेवली.

"सिगारेटसारखी जोरात ओढू नका," ते म्हणाले. "ही लांब आणि हळू ओढायची."

अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारामागच्या एका गल्लीत, अरुंद जिना चढून गेल्यावर हे दुकान होतं. मियाके-सान पूर्वी रेडिओचे सुटे भाग विकायचे. ते गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी अर्ध्या दुकानात या ई-सिगारेटी मांडल्या. उरलेल्या अर्ध्या भागात अजूनही लहान लहान खणांमध्ये कपॅसिटर आणि जुन्या व्हॉल्व्हच्या पेट्या होत्या. त्या घ्यायला क्वचित कोणी यायचं.

"साध्या नळीपेक्षा हिच्यात वेगळं काय, ते पुन्हा एकदा सांगाल?" चंद्रहासने विचारलं.

मियाके-सानांनी पुन्हा सांगितलं. साधी नळी एकाच जोराने तापते. हिच्यात व्होल्टेज आपल्याला ठरवता येतं. कमी ठेवलं तर वाफ पातळ आणि गार येते, वाढवलं की दाट होते, चव नीट लागते, पण आतली तापणारी तार, म्हणजे कॉइल, लवकर जळते. किंमत साधीच्या दुप्पट. मात्र निकोटिन यात नाही. इथे जपानमध्ये ते दुकानात विकता येत नाही.

"तलफ येणार. पहिले काही आठवडे फार येणार," ते म्हणाले. "हे मी सगळ्यांना आधीच सांगतो. मग लोक निघून जातात."

चंद्रहास हसला. त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत तो धातूंच्या पातळ थरांवर काम करायचा. तार किती व्होल्टला किती तापेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी पावसाळी सप्टेंबर संपल्यापासून दर शनिवारी तो ट्रेनने इथे येत होता, तेच प्रश्न विचारत होता आणि मियाके-सान तीच उत्तरं देत होते. अधूनमधून ते मागच्या खोलीतून बार्लीचा गार चहा आणायचे.

"मुलगी नवीन वर्षाला येणार म्हणालात ना?"

"हो. तिला दम्याचा त्रास आहे."

"मग सिगारेटपेक्षा ही बरी. पण ती आली की हीसुद्धा बाहेर बाल्कनीत."

"बरोबर आहे," चंद्रहास म्हणाला. मग नेहमीसारखं, "विचार करतो."

मियाके-सानांनी मान डोलावली आणि नळी पुसून पेटीत ठेवली.

*

जपानमध्ये तो मोठा भूकंप झाला तेव्हा त्याची मुलगी अक्षया पाच वर्षांची होती. घर पडलं नाही. कपाटं आडवी झाली, काचा फुटल्या, पाणी गेलं. पुन्हा पुन्हा धक्के बसत होते म्हणून तिघं संस्थेच्या मैदानात गाडीत झोपले. मार्चची थंडी. त्या गाडीत अक्षयाला धाप लागायला लागली ती थांबेना. विमानाची तिकिटं मिळाली तशी त्याची बायको विभा तिला घेऊन पुण्याला गेली. दोनेक महिन्यांत परत येऊ, असं ठरलं होतं. मग किरणोत्साराच्या बातम्या आल्या, मग पुण्यातल्या डॉक्टरांनी हवा बदलू नका म्हटलं, मग शाळा सुरू झाली. परत यायचं नाही, असं कुणीच कधी म्हटलं नाही. तीन वर्षं तशीच गेली.

चंद्रहास आधी बाल्कनीतच ओढायचा. दोघी गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्याने बाल्कनीचं दार उघडलं, बाहेरचा वारा अंगावर घेतला आणि दार लावून घेतलं. आत ओढली तर बोलणार कोण होतं? मागच्या वर्षी विभा आणि अक्षया आल्या, त्या रात्री अक्षया उशीला टेकून बसून होती, छातीतून शिट्टी वाजत होती. सकाळी विभाने बॅगा उचलल्या. निशी-कसाईला त्याचा मित्र रणजित राहायचा, त्याच्याकडे दोघी उरलेली सुट्टी राहिल्या. चंद्रहास रोज संध्याकाळी तिकडे जाऊन जेवायचा आणि परत यायचा. पाहुण्यासारखं.

जाताना विमानतळावर विभा एवढंच म्हणाली होती, "आधी घरातला तो वास जाऊ दे. मग बघू."

या ऑक्टोबरात त्याने तो वास काढायला घेतला होता. पडदे धुतले. भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, फडकं पिवळं व्हायचं, पुन्हा पुसल्या. गालिचा मोठ्या कचऱ्याच्या दिवशी, त्यावर पैसे भरल्याचं स्टिकर लावून, खाली नेऊन ठेवला. सिगारेट मात्र सुटत नव्हती. संस्थेत दिवसभर इंग्रजीत नमुन्यांबद्दल बोलणं व्हायचं. संध्याकाळी कोंबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली, मुलगी डबा गरम करू का विचारायची, तो 'हो' म्हणायचा. घरी आल्यावर हाताला दुसरं काही सुचत नसे.

*

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा त्याच्यासमोर कागद होता. त्यावर त्याने दोन रकाने आखले होते, साधी नळी आणि व्होल्टेज बदलणारी.

"बघ, ही बॅटरी," तो कागद कॅमेऱ्यासमोर धरत म्हणाला. "धूर नाही, वाफ असते. कमी व्होल्टेजला तर वास जवळजवळ येतच नाही."

विभा ऐकत होती. मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे सिगारेटऐवजी ही ओढणार."

"हळूहळू हीसुद्धा सोडणार."

"किती आठवडे बघतोयस तू ती?"

"घाईने घेऊन चालत नाही, विभा. कॉइलचा प्रश्न असतो."

दार वाजलं. अक्षया खेळून आली होती, गुडघ्यावर माती. तिला बघून चंद्रहासच्या तोंडून आपोआप निघालं, "ओकाएरी!" घरी आलेल्या माणसाला तिथे असंच म्हणायचं. लहानपणी ती याच्यावर ओरडून 'तादाइमा', म्हणजे 'आले', म्हणायची.

अक्षया थबकली. विभाकडे पाहिलं.

"बाबा, मराठीत बोला ना," ती म्हणाली. "मला ते नाही कळत आता."

"आलीस का, म्हणत होतो."

"हो, आले," असं म्हणून ती आत पळाली. पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला.

विभाने खुर्ची पुढे ओढली. थोडा वेळ ती स्क्रीनकडे न बघता टेबलावरचं काहीतरी हाताने सारखं करत राहिली.

"चंद्रहास, नवीन वर्षाला नाही जमणार."

"शाळेला सुट्टी नाही का?"

"सुट्टी आहे. तिला यायचं नाहीये. आणि मला तिला ओढून आणायचं नाहीये. तू मे महिन्यात इकडे ये. चांगला महिनाभर ये."

"घर आता पुष्कळ साफ केलंय मी. पडदे..."

"मला माहितीये. तू सांगितलंस." तिचा आवाज कठोर नव्हता. "ती नळी घे किंवा घेऊ नकोस. पण आमच्यासाठी म्हणून घेऊ नकोस."

त्याने कागदाची घडी केली. मग आणखी एक. विभाने जेवलास का विचारलं, त्याने हो म्हटलं. खरं तर तो जेवला नव्हता.

कॉल बंद झाल्यावर तो बराच वेळ तिथेच बसला. मग उठून सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले आणि आपण नुकत्याच पुसलेल्या भिंतीजवळ उभे आहोत हे लक्षात येऊन बाल्कनीत गेला. बाल्कनीत गेल्यावर त्याला वाटलं, आता कशाला? तरी तो आत आला नाही. खालच्या रस्त्यावरून एक बाई सायकलवर मागे मुलाला बसवून चालली होती. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

*

पुढच्या शनिवारी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सकाळी कपडे धुतले, वर्तमानपत्रं बांधून ठेवली. दुपारी तो ट्रेनमध्ये होता.

मियाके-सानांनी त्याला बघून नळीची पेटी काढली. कार्डबोर्डच्या झाकणावर पेन्सिलीने, परदेशी नावांसाठीच्या काताकाना लिपीत, त्याचं आडनाव लिहिलेलं होतं, 'पेंदारुकारु-सान'.

"एकच उरली होती. बाजूला ठेवली," ते म्हणाले. "कधी येणार लेक?"

"नाही येणार."

जपानीत ते वाक्य फार छोटं होतं. आपण ते पहिल्यांदाच कुणापाशी तरी बोललो, हे त्याला बोलल्यावर जाणवलं. मियाके-सानांनी पेटीच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली.

"मग ही घ्यायलाच पाहिजे असं नाही," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. इतके दिवस मी काही विकायच्या हिशेबाने सांगत नव्हतो."

"माहीत आहे."

चंद्रहासने पेटीकडे पाहिलं. नको म्हणून जिना उतरायचा, स्टेशनसमोर सिगारेटचं मशीन होतंच. किंवा पुढच्या शनिवारी पुन्हा विचार करायचा. मियाके-सान काही म्हणाले नसते. त्यांनी पुन्हा चहा आणला असता.

"घेतो," तो म्हणाला.

"साधी घेतलीत तरी चालेल. स्वस्त आहे."

"नाही. हीच."

मियाके-सानांनी पैसे घेतले, बॅटरी चार्जिंगला लावली आणि मागच्या खोलीतून स्टूल आणून त्याच्यासमोर ठेवलं. आजवर तो उभाच असायचा.

"दिवा हिरवा होईपर्यंत बसा. कॉइल बदलायची कशी, तेही दाखवतो. आधी चहा."

ते आत गेले. जिन्यावर पावलं वाजली आणि साठीच्या पुढची एक बाई दम खात दारात आली. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. तिने दुकानात सगळीकडे नजर फिरवली, मग चंद्रहासकडे, आणि तो परदेशी दिसतोय म्हणून क्षणभर घुटमळली.

"मियाके-सान आत आहेत. येतील," चंद्रहास म्हणाला.

"ही ती व्होल्टेज बदलणारी का?" तिने चार्जिंगला लावलेल्या नळीकडे बोट केलं. "दुप्पट पैसे मोजण्यासारखं आहे का हिच्यात काही? तुम्हाला काय वाटतं?"

आतून कपांचा आवाज आला, आणि मियाके-सानांचा, "त्यांना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे."

चंद्रहास उठून उभा राहिला. व्होल्ट, वाफ, कॉइल, सगळं क्रमाने ओठांवर आलं होतं. पण त्याने आधी विचारलं,

"कुणासाठी घ्यायचीय?"

बाईला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"माझ्यासाठीच," ती म्हणाली.

चंद्रहासने स्टूल तिच्याकडे सरकवलं, तिच्या हातातली पिशवी घेऊन काउंटरवर ठेवली.

"मग बसा," तो म्हणाला. "सावकाश सांगतो."