ओलीची अट

सकाळपासून रंगारी तीनदा सरांच्या घरात शिरला आणि तीनदा बाहेर आला. एकदा ब्रश विसरला म्हणून, एकदा पाणी प्यायला म्हणून, तिसऱ्यांदा तर कशालाच म्हणून नाही. खिशातल्या घडी घातलेल्या कराराला जणू मुंग्या लागल्या होत्या. एका जागी उभं राहू देईना.

करार बायकोनं लिहिला होता. मागच्या दोन घरी त्यानं ओल्या भिंतींना रंग दिला, वर्षाच्या आत पोपडे निघाले, आणि मालकांनी बोल लावल्यावर दोन्ही भिंती पदरमोड करून पुन्हा रंगवल्या. ओल आहे हे तो बोलला नव्हता असं नाही. बोलला होता, पण शिडीवरून, दातांत ब्रश धरून, पाठमोरा.

"अहो, तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही, भिंतीला सांगता," बायको म्हणाली होती. "तिला कान असतील, पण साक्षीला यायला पाय आहेत का?"

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण अकरा वर्षं सोबत रंगकाम करणाऱ्या जोडीदारानंही बजावलं होतं, आता फुकटचा एकही हात मारायचा नाही. मारावा लागला, तर दादा, तुझी वाट वेगळी, माझी वेगळी. छताच्या कडेची रेघ त्याच्यासारखी सरळ कुणाला ओढता येत नसे. कागद काढावा तर काम जाणार, न काढावा तर माणूस.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी मुलगा सहा वर्षांनी घरी यायचा होता, म्हणून त्यांचा एकच धोशा: बैठकीची मोठी भिंत आधी. रंगाऱ्यानं तिच्यावर तळवा टेकला. मागे न्हाणीघर, भिंत तापातल्या माणसासारखी घामेजलेली. जोडीदार दारात शिडी धरून उभा होता, आत येत नव्हता.

रंगाऱ्यानं कागद काढला. सरांनी चष्मा लावून सावकाश वाचला. ओल आधी मालकानं काढून घ्यावी. तशीच रंगवायला लावली, तर पोपड्यांची जबाबदारी रंगाऱ्याची नाही. सरांचा चेहरा उतरला.

"चाळीस वर्षं माझ्या शब्दावर शाळा चालली, मिस्त्री. माझ्यावर विश्वास नाही?"

रंगाऱ्याची नजर सवयीनं भिंतीकडे निघाली होती, ती त्यानं ओढून सरांकडे आणली.

"तुमच्यावर आहे, सर. माझ्या बोलण्यावर नाही. मी भिडेनं गप्प बसतो, आणि मग पोपडे माझ्या जोडीदाराला खरवडावे लागतात."

सर उठले. न्हाणीघरात जाऊन आले, भिंतीला हात लावला, मग पंजा उलटा करून बघत राहिले. ओल काढायला किती दिवस, त्यांनी विचारलं. नळवाल्याचं काम आणि भिंत वाळणं धरून पंधरा, असं उत्तर आलं. रविवार चार दिवसांवर होता.

मग सरांनी कागदाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ही भिंत सोडून बाकी घर रंगवावे, आणि सही केली.

"येईल तो, बघेल," ते म्हणाले. "बापाच्या घराला ओल आहे, हे त्यालाही कळू दे."

जोडीदारानं काही न विचारता शिडी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. पाठोपाठ डबा घेऊन रंगारी निघाला. जाता जाता त्या उघड्या भिंतीसाठी त्याचे हात शिवशिवले. आतून हाक आली, "दादा, छत आधी घेऊ ना?"

"घे," तो म्हणाला.