शेवटचा प्रश्न नरुमोनला

खरेदीचं धोरण नरुमोननंच लिहिलं होतं. त्यातलं पहिलं कलम असं, की कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी ते रोज वापरणाऱ्यांना विचारायचं. थायलंडमधल्या महाछाई गावच्या त्या कोळंबीच्या कारखान्याचे यात दोनदा हात पोळले होते. दोन्ही वेळा मालक वरच्या झगमगाटावर भुलले, आणि पुढे नरुमोन सणासुदीलाही साठ्याचा मेळ हातानं घालत बसली. आता ती पार थकली होती. आणखी एक सॉफ्टवेअर गळ्यात पडलं तर ते निस्तरायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

यावेळचं तर चाचणीतच शीतगृहात चालत नव्हतं. हातमोजे घातले की स्क्रीन दाद देत नव्हती, आणि करार पाच वर्षांचा. जेवताना शीतगृहाची मुकादम सायपिन मावशी भडकली होती.

"मोजे काढले तर बोटं गळून पडतील माझी! हे काय नाकानं दाबू?"

सगळं टेबल खो खो हसलं होतं.

बैठकीला मात्र विक्रेता थनवत पेरूंची टोपली घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, बँकॉकहून उन्हातान्हात आलेला. शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं प्रत्येकाला वाकून हात जोडले. म्हातारे मालक, ज्यांना सगळे थाओके म्हणत, एकेकाला विचारू लागले.

"चांगलं आहे," गोदामवाला म्हणाला.

"छानच की," हिशेबनीस म्हणाली.

"सायपिन, तुझं काय?"

मावशीनं थनवतच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं आहे, थाओके. होईल सवय."

आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणून ओशाळं करायचं नाही, ही इथली रीत. नरुमोनला तिचा वीट आला होता. आज नाही म्हणायचंच, असं ती घरूनच ठरवून आली होती.

"तू सरळ बोलतेस, म्हणून तुला शेवटी विचारतो," थाओके तिला म्हणाले.

आता नाही म्हणावं, तर आधीचे सगळे खोटे ठरणार. आईच्या वयाची मावशी सगळ्यांदेखत खोटी ठरणार. मावशी मान खाली घालून बसली होती.

"चांगलं आहे," नरुमोन म्हणाली.

करारावर सही झाली. जिन्यात मावशीनं तिचा दंड घट्ट धरला.

"अगं पोरी, हे काय केलंस? तू नाही म्हणशील, म्हणूनच तर आम्ही हो म्हणालो!"