सगुणाबाईंनी सांधलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यांचा; तीन पेडांचा. निजामाचे राज्य गेले त्या साली पिंपळगाव रेणुकाईच्या सगुणाबाई आणि त्यांचा नवरा भुजंग, दोघांनी मिळून मला वळले.

भुजंगचा धंदा मधाचा. डोंगराच्या कड्याला मधमाश्यांची मोहळे लागत. भुजंग मला कमरेला बांधून वरून खाली उतरे. वर माझे टोक सगुणाबाईंचा धाकटा भाऊ बद्रीनाथ धरी. दोर मेहुण्यानेच धरायचा, असा त्या घरात रिवाज होता. बहिणीचे कुंकू ज्या हातात आहे, तो हात ढिला पडत नाही, असे ते मानत.

संध्याकाळी सगुणाबाई मला मांडीवर घेऊन वीत-वीत चाचपत. झिजलेल्या जागी नवा वाख घालून सांधत.

सात वर्षांनी, ऐन थंडीत, त्या तापाने गेल्या.

तेरावा झाल्यावर भुजंग मला खांद्यावर टाकून बद्रीनाथकडे गेला. बद्रीनाथने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"दाजी, माझ्याच्यानं दोर धरणं व्हायचं न्हाई."

"का? तुझी आक्का गेली, मंग मी बी मेलो का?"

बद्रीनाथ उठून आत निघून गेला.

भुजंगला दुसरे काम येत नव्हते, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती तो दोर देणार नव्हता. त्याने कडा खालून चढायचे ठरवले. मला फक्त मधाची घागर उतरवण्यासाठी कमरेला गुंडाळले.

पहिल्या दिवशी तो दोन पुरुष उंच चढला आणि घसरला. नखे फाटली. हात पोचला होता तिथे त्याने चंचीतला चुना लावून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या वर चार बोटे तरी जायचेच. सोपी बाजू तो घेत नसे. काल पाय सुटला तिथेच आज पुन्हा, दहा वेळा. हातांनी लोंबकळायचे नसते, पायाच्या अंगठ्यावर उभे राहायचे असते, हे त्याला असेच पडून-पडून कळले. खाली आला की म्हणे, "सगुणा, आज एक वीत." मग तिथेच बसून राही. घरी जायची त्याला घाई नसे.

मी रोज खडकावर घासत होतो. एका जागी फार झिजलो होतो. मला कुणी चाचपत नव्हते. ओरडून सांगावेसे वाटे, पण दोराला तोंड कुठले?

वैशाखात एके सकाळी तो कड्याच्या वरच्या फुगवट्यावर पोचला. शेवटची खूण पोटाखाली दिसेनाशी झाली. वर हात पोचेना. खाली पाऊल ठेवायला जागा दिसेना. पायाचे अंगठे घसरू लागले.

"सगुणा," तो हळूच म्हणाला, "आलोच बघ."

"दाजी! दोर फेका वर, जल्दी!"

वर बद्रीनाथ पालथा पडून वाकला होता.

"तू कवा आला?"

"रोज येऊन राह्यलो. फेका!"

"तुझी बहीण न्हाई आता. तुला काय पडलंय?"

"अहो, म्हणूनच हात कापायले होते! ती गेली, अन् तुमी बी माझ्या हातून गेलात तर? रोज इहिरीत दोरानं धोंडा सोडून वर वढून राह्यलो, दर रोजाला जड धोंडा. कालचा तुमच्याहून जड होता. फेका म्हन्तो ना!"

कमरेला बांधलेले टोक तसेच ठेवून भुजंगने माझे दुसरे टोक वर भिरकावले. दोनदा मी परत आलो. तिसऱ्यांदा बद्रीनाथने पकडले. भुजंगचे पाय सुटले, सगळा भार माझ्यावर आला आणि माझा एक पेड तटकन तुटला. उरलेल्या दोन पेडांवर मी धरून राहिलो. बद्रीनाथचे हात हलले नाहीत.

वर आल्यावर दोघे कड्यापासून मागे सरकून बसले. मग भुजंगने मला मांडीवर घेतले आणि वीत-वीत चाचपले. मी तुटलो होतो तो यंदाच्या झिजेत. सगुणाबाईंचे सांधे सगळे शाबूत होते. एका सांध्यावर त्याचा अंगठा थांबला, तो निघेना.

"बद्रीनाथ, घरी वाख हाय का?"

"हाय की."

"मंग चल."

मित्रांनो, ज्याच्यावर जीव टांगता, त्याच्यावरून रोज एकदा हात फिरवा. तो दोर असो की माणूस. त्या चार महिन्यांत मी एकटाच झिजत नव्हतो. भुजंगने घातलेला सांधा सगुणाबाईंच्या सांध्यासारखा नीट नाही, बोटाला टोचतो. पण अजून धरून आहे.