गार पाण्यात गेलेला डाग

आमचे हे कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. ह्यांच्या कपड्यांवरचे डाग घासून माझे हात सोलले, पण एकही कधी निघाला नाही. त्या दिवशी मात्र चड्डीवरचा लाल डाग नुसत्या गार पाण्यात गेला.

"रंग उडाला असेल," हे म्हणाले.

"तुमचा रंग कधी पाण्यानं गेलाय?" मी कडाडले.

तेव्हा कबूल झाले. वर्षभर शौचाला रक्त पडत होतं. "मूळव्याध समजलो. तिथलं कुणाला दाखवायचं?"

तपासणीत आतड्यात गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, "रक्त दिसलं तेव्हाच आला असतात, तर काढता आली असती. आता पसरलीय."

आता हे काही लपवत नाहीत. मी चड्डी बादलीत बुडवते आणि डागाकडे बघत बसते. मेल्या, एकदा तरी चिकटून राहा!